पत्रांवर चाललेलं आकाशयान



मागच्या महिन्यातली गोष्ट. एका गटाच्या मासिक बैठकीला गेले होते. बचत जमा झाली, हजेरीच्या सह्या झाल्या, दोघींचे अंगठे झाले. बँकेचे साहेब यायला वेळ होता, म्हणून बायांच्या गप्पा सुरू झाल्या आणि गाडी अर्थातच रात्रीच्या मालिकेवर आली. सासूचं चुकलं की सुनेचं, पुढे काय होणार, लिहिणाऱ्याने ते पात्र उगाच का मारलं. एक जण तर तावातावाने सांगत होती, की ही गोष्ट मी लिहिली असती तर अशी वळवली असती. चांगलं वळण होतं ते, मला अजून आठवतंय. तेवढ्यात साहेब आले. दारातच थांबून त्यांनी ऐकलं आणि हसत म्हणाले, “बायकांना मालिकेशिवाय दुसरं काही सुचतं का?” सगळ्या पदर सावरून गप्प. मीही गप्प. उत्तर सुचलं ते परतीच्या एसटीत, खिडकीशी बसल्यावर.

ते उत्तर जरा लांबचं आहे. साठ वर्षांपूर्वीचं, आणि अमेरिकेतलं.

आधी एक कबुली देते. मला विज्ञानकथांचा नाद आहे. लहान असताना, १९९८ साली, दूरदर्शनवर ‘कॅप्टन व्योम’ लागायची. शेजारच्यांच्या ओटीवर आम्ही वीस पोरं दाटीवाटीने बसायचो. मध्येच लाईट गेली की पुढची गोष्ट ज्याने त्याने आपल्या मनाने पुरी करायची. पुढे बी.ए.ला इतिहास घेतला, लग्न झालं, गटांचं काम अंगावर आलं, पण नाद काही सुटला नाही. रात्री भांडी आवरून सगळे झोपले की मी मोबाईलवर जुन्या इंग्रजी मालिका बघते. अर्धं बोलणं कळतं, अर्धं चेहऱ्यावरून ओळखायचं. त्यातलीच एक ‘स्टार ट्रेक’. ऐंशीच्या दशकात ज्यांच्या घरी टीव्ही होता त्यांना कदाचित आठवेल. दूरदर्शनवर रविवारी सकाळी ती लागायची. टोकदार कानांचा, कधी न हसणारा एक माणूस होता त्यात. तीच.

ही मालिका अमेरिकेत ‘एनबीसी’ या वाहिनीवर ८ सप्टेंबर १९६६ ला सुरू झाली. गोष्ट तेविसाव्या शतकातली. ‘एंटरप्राईज’ नावाचं एक मोठं आकाशयान, त्यावर चारशेच्या वर माणसं, आणि त्यांचं काम म्हणजे ताऱ्याताऱ्यांतून हिंडून नवी जगं शोधायची. यानाचा कप्तान कर्क. त्याच्या हाताखाली स्पॉक. स्पॉकची आई आपल्या पृथ्वीवरची आणि बाप दुसऱ्या ग्रहावरचा, जिथे भावना दाखवणं कमीपणाचं समजतात. आपल्याकडे म्हणतात ना, दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी त्याची गत. इथले म्हणतात तू आमचा नाहीस, तिथले म्हणतात तू आमचा नाहीस. मनात कितीही कालवलं तरी तोंडावर रेघ हलू द्यायची नाही. अमेरिकेतल्या बायांना हा स्पॉक एवढा का आवडला, यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. सासर-माहेर केलेल्या बाईला ते सांगायला पुस्तक लागत नाही, असं माझं मत.

मालिका जीन रॉडनबेरी या गृहस्थाची. सगळीकडे त्याचंच नाव. पण ती उभी राहण्यात बायांचे हात किती होते बघा. ती काढणारी कंपनी होती ‘डेसिलू’, आणि तिची मालकीण होती ल्युसिल बॉल, अमेरिकेतली गाजलेली विनोदी नटी. १९६२ मध्ये तिने आपल्या आधीच्या नवऱ्याचा हिस्सा विकत घेऊन कंपनी स्वतःच्या ताब्यात घेतली होती. आकाशयानाची मालिका म्हणजे पाण्यासारखा पैसा. वाहिनीने पहिला नमुना भाग नापास केला. कंपनीतल्या कारभाऱ्यांना हा खर्च नको होता. बाई मालिकेच्या पाठीशी राहिल्या.

दुसरी डोरोथी फोंटाना. ती रॉडनबेरीची सेक्रेटरी होती, पण गोष्टी लिहायची, आणि छान लिहायची. मालिकेच्या कथा तपासून नीट करण्याचं काम पुढे तिच्याकडे आलं. स्पॉकचे आईबाप पडद्यावर आणणारा भाग तिनेच लिहिला. पण ती नाव लावायची ‘डी. सी. फोंटाना’. आद्याक्षरं लावली की वाचणाऱ्याला बाई की बुवा कळत नाही, आणि लिखाण न वाचताच बाजूला टाकलं जात नाही. आपल्या मराठीत १९७४ साली याच्या उलटी गंमत झाली. जयंत नारळीकर तेव्हाच जगभर नावाजलेले शास्त्रज्ञ होते. मराठी विज्ञान परिषदेच्या कथा स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या खोट्या नावाने, म्हणजे परीक्षकांनी नावाकडे बघून बक्षीस देऊ नये. पहिलं बक्षीस मिळालं. त्यांनी नाव झाकलं ते नाव फार मोठं होतं म्हणून, डोरोथीने झाकलं ते नाव बाईचं होतं म्हणून.

तिसरी उहुरा. ही मालिकेतली अधिकारी, यानाचं सगळं दळणवळण सांभाळणारी. ते काम करणारी नटी निशेल निकोल्स कृष्णवर्णीय होती. त्या काळी अमेरिकेत काळ्या बाईला पडद्यावर बहुतेक मोलकरणीचं काम मिळायचं. इथे ती वर्दी घालून कप्तानाच्या मागच्या खुर्चीवर बसलेली. तरी बोलायला वाक्यं कमी, म्हणून पहिल्या वर्षानंतर ती काम सोडायला निघाली होती. तेव्हा एका कार्यक्रमात तिला मार्टिन ल्यूथर किंग भेटले, काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणारे, गांधीजींना मानणारे. आपल्या घरी ही मालिका बघतात आणि तू ती जागा सोडायची नाहीस, असं त्यांनी तिला सांगितलं. ही हकिगत निशेलबाईंनी पुढे आयुष्यभर सांगितली. ती थांबली.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

१९६७ च्या अखेरीला मालिकेचं दुसरं वर्ष चालू होतं आणि वाहिनी ती बंद करणार अशी कुणकुण लागली. टीव्हीचा हिशेब साधा असतो. किती घरांत बघतात ते मोजायचं, त्यावर जाहिरातीचा भाव ठरतो. या मालिकेची घरं कमी भरत होती. कॅलिफोर्नियात बीजो ट्रिम्बल नावाची एक लेकुरवाळी बाई राहायची. ती आणि तिचा नवरा जॉन, दोघांनाही विज्ञानकथांचा नाद. मालिकेचं चित्रीकरण बघायला गेले असताना त्यांच्या कानावर ही बातमी आली. घरी परतताना गाडीत दोघांचं बोलणं झालं, काहीतरी करायला हवं. आणि बीजोने कामाला हात घातला.

तिच्याकडे पैसा नव्हता, वर्तमानपत्र नव्हतं, टीव्हीवर ओळख नव्हती. होते फक्त पत्ते. विज्ञानकथा वाचणाऱ्यांचे मेळावे अमेरिकेत आधीपासून भरत, तिथे आलेल्यांच्या याद्या होत्या. मालिकेला पत्रं लिहिणाऱ्यांचे पत्ते होते. तिने एक सूचनापत्र तयार केलं, सायक्लोस्टाईलवर त्याच्या प्रती काढल्या आणि पोस्टात टाकल्या. सूचना साधी होती. वाहिनीला पत्र लिहा, आणि दहा जणांना पत्र लिहायला सांगा. त्या दहांनी आणखी दहा-दहांना सांगायचं. दहाचे शंभर, शंभराचे हजार. आपल्या गटांचा विस्तार असाच झालाय, म्हणून मला ही आकडेमोड समजायला वेळ लागला नाही.

पत्र कसं लिहायचं तेही तिने सांगितलं होतं. सभ्य भाषेत लिहा, स्वतःच्या शब्दांत लिहा, मालिका का आवडते ते सांगा. इथे मी जरा थांबते. आपल्याकडे कुठल्याही कचेरीत अर्ज नेला की आवक नोंदवहीत त्याला एक नंबर पडतो. एका अर्जावर साठ सह्या असल्या तरी नंबर एकच. साठ बायांनी साठ अर्ज दिले तर साठ नंबर पडतात आणि बाबू मान वर करून बघतो. बीजोला कुठल्या प्रशिक्षणात हे शिकवलं होतं कोण जाणे, पण तिचा सगळा भर वेगवेगळ्या पत्रांवर होता.

आणि पत्रं आली. डिसेंबर १९६७ ते मार्च १९६८ या चार महिन्यांत वाहिनीकडे जवळजवळ १ लाख १६ हजार पत्रं पोचली. एकट्या फेब्रुवारीत ५२ हजारांच्या वर. जानेवारीत तिथल्या एका मोठ्या विज्ञान संस्थेचे विद्यार्थी हातात पाट्या घेऊन वाहिनीच्या दारावर मोर्चाने गेले. शेवटी १ मार्च १९६८ च्या रात्री भाग संपता संपता वाहिनीने स्वतःच जाहीर केलं, की मालिका पुढच्या वर्षी चालू राहणार. वाहिनीला आपला निर्णय पडद्यावरून असा सांगावा लागला, हे त्या काळात फारसं घडलेलं नव्हतं.

मग वाहिनीने काय केलं? मालिकेला वेळ दिली शुक्रवारी रात्री दहाची. तरुण पोरंपोरी त्या वेळी घराबाहेर. खर्चाला दिलेले पैसेही कमी केले. मंजुरी द्यायची आणि निधी कापायचा, हा प्रकार तुम्हाला नवा नाही. तिसऱ्या वर्षाचे काही भाग खरंच बघवत नाहीत, नाद असूनही सांगते. ३ जून १९६९ ला शेवटचा नवा भाग लागला. त्यानंतर दीड महिन्यात माणूस खरोखरच चंद्रावर उतरला.

म्हणजे बीजो हरली? तेव्हा तसंच वाटलं असेल. पण त्या एका वाढीव वर्षामुळे मालिकेचे एकूण ७९ भाग झाले. अमेरिकेत जुन्या मालिका गावोगावच्या छोट्या वाहिन्या विकत घेतात आणि रोज एक भाग दाखवतात. त्यासाठी भाग पुरेसे लागतात. दोन वर्षांचे मिळून ५५ होते, ते अपुरे पडले असते. ७९ झाल्यावर मालिका रोज संध्याकाळी घराघरात दिसू लागली, आणि पहिल्यांदा जेवढ्यांनी बघितली नव्हती तेवढ्यांनी ती आता बघितली. पत्रांनी मिळवलेलं ते एक वर्ष असं कामाला आलं.

तोपर्यंत बायांनी दुसरंही एक काम चालू केलं होतं. सप्टेंबर १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात देव्रा लँगसॅम आणि शर्ना कॉमरफर्ड या दोघींनी ‘स्पॉकनेलिया’ नावाचं घरगुती मासिक काढलं. मासिक म्हणायचं एवढंच, निघायचं सवडीने. देव्रा ग्रंथालयात काम करायची. फक्त ‘स्टार ट्रेक’ला वाहिलेलं हे पहिलं. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत अशी शेकडो निघाली. काढणाऱ्या आणि लिहिणाऱ्या बहुतेक बाया. कोणी शिक्षिका, कोणी नर्स, कोणी कचेरीत टायपिस्ट, कोणी घर सांभाळणाऱ्या.

सायक्लोस्टाईल आपल्यातल्या चाळिशीच्या पुढच्या बायांनी पाहिलेलं आहे. शाळेच्या परीक्षेचे पेपर त्यावर निघायचे, हाताला शाईचा वास यायचा. टाइपरायटरची फीत काढून मेणाच्या पातळ कागदावर टाइप करायचं. जिथे अक्षर उमटलं तिथे कागदाला छिद्रं पडतात. तो कागद शाईच्या रुळावर चढवायचा आणि हँडल फिरवत बसायचं. चूक झाली की लाल औषध लावून, फुंकर घालून, परत टाइप. मग सगळी पानं टेबलावर ओळीने मांडून, भोवती फिरत एकेक उचलून जुळणी करायची आणि टाचायचं. या जुळणीला मैत्रिणी जमायच्या. पापड लाटायला आपण जमतो तसं चित्र माझ्या डोळ्यांपुढे येतं. मालिकेतल्या पात्रांची मालकी कंपनीची, त्यामुळे यातून नफा कमवायचा नाही, हा अलिखित नियम. कागद, शाई, टपाल यांचा खर्च निघेल एवढीच किंमत.

आणि त्यात असायचं काय? मालिकेने जे दाखवलं नाही ते. स्पॉकच्या आईला परक्या ग्रहावर दिवस कसे गेले असतील. उहुराची पाळी संपल्यावर ती काय करते, कुणाशी बोलते. यानावरच्या नर्सला काय वाटतं. बैठकीतल्या माझ्या मैत्रिणीने जे केलं, “मी लिहिली असती तर अशी वळवली असती,” तेच या बायांनी कागदावर केलं. खरं तर आपल्या आज्यांनी हे जात्यावर केलेलं आहे. रामायण लिहिलं दुसऱ्यांनी, पण वनवासातल्या सीतेला कळा कशा आल्या, तिच्याजवळ कोण होतं, हे ओव्यांत बायांनी भरलं.

त्यांची टिंगल झाली नाही असं समजू नका. विज्ञानकथांचे आधीचे क्लब बहुतेक पुरुषांचे. त्यांना या टीव्ही बघून आलेल्या बाया म्हणजे चेहऱ्यावर भाळलेल्या वेड्या वाटायच्या. त्यांच्यासाठी ‘ट्रेकी’ हा शब्द पुष्कळ जण हिणवण्यासाठीच वापरत. आणि बायांनी आपसातही कमी टिंगल केली नाही. १९७३ मध्ये पॉला स्मिथ नावाच्या एका लेखिकेने अशाच एका मासिकात छोटीशी विनोदी कथा लिहिली. तिची नायिका मेरी स्यू, वय साडेपंधरा, पण यानावरची सगळ्यात हुशार, सगळ्यात सुंदर, सगळे तिच्या प्रेमात, सगळ्यांना तीच वाचवते. नवशिक्या मुली आपल्या गोष्टीत स्वतःलाच नायिका करून घालायच्या, त्यांच्यावर ही कोपरखळी होती. कथा मजेची होती. पण ‘मेरी स्यू’ हा शब्द सुटला तो सुटलाच. आज सिनेमात एखादी मुलगी जरा जास्त पराक्रम करताना दिसली की जगभरातले लोक तिला मेरी स्यू म्हणून मोकळे होतात. शंभर गुंडांना एकट्याने लोळवणाऱ्या हिरोला मात्र नाव ठेवायला असा शब्द चटकन कुणाच्या तोंडी येत नाही. मला ही गोष्ट खटकते. पॉलाबाईंचा त्यात दोष नाही. बायांनी आपसात केलेली चेष्टा बाहेरच्यांच्या हातात पडली की ती चेष्टा राहत नाही, एवढं मात्र झालं.

१९७२ च्या जानेवारीत, २१ ते २३ तारखेला, न्यूयॉर्कच्या एका मोठ्या हॉटेलात पहिला मोठा मेळावा भरला. भरवणाऱ्यांत देव्रा होती, टीव्हीच्या कचेरीत नोकरी करणारी जोन विन्स्टन होती, आणखी काही जणी आणि काही जण होते. पाचशे माणसं येतील असा अंदाज होता. आली तीन हजारांच्या वर. आपल्याकडे हळदीकुंकवाला दोनशे वाण आणावेत आणि पाचशे बाया याव्यात, तेव्हा आयोजक बाईचं काय होतं ते आठवा. मालिका बंद पडून तेव्हा अडीच वर्षं झाली होती. रॉडनबेरी आला, डोरोथी आली, आयझॅक असिमॉव्हसारखा मोठा लेखक आला. नासाने, म्हणजे अमेरिकेच्या अंतराळ संस्थेने, आपल्या वस्तू प्रदर्शनाला पाठवल्या.

त्याच वर्षी जॅकलिन लिक्टेनबर्ग या लेखिकेने एक स्वागत समिती काढली. काम काय, तर ज्यांना नव्याने नाद लागला त्यांच्या पत्रांना उत्तरं द्यायची. तुमच्या जवळ कुठला गट आहे, कुठलं मासिक कुठे मिळेल, याची यादी ठेवायची. सगळं बिनपगारी. उत्तर हवं असेल त्याने स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट सोबत पाठवायचं. प्रत्येक गावाला गट, गटांची यादी, यादी सांभाळायला वरती एक समिती. मी ते वाचलं तेव्हा हसू आलं, हा तर आपला प्रभागसंघ. ही समिती वीस वर्षांहून जास्त चालली.

पत्र लिहायची सवय एकदा लागली की लागली. १९७६ मध्ये नासाने पुन्हा पुन्हा वापरता येईल असं पहिलं अंतराळयान तयार केलं. त्याचं नाव ‘कॉन्स्टिट्यूशन’, म्हणजे संविधान, असं ठरलं होतं. मालिकेच्या चाहत्यांनी पत्रांची मोहीम उघडली, की नाव ‘एंटरप्राईज’ ठेवा. पत्रांचा ढीग थेट राष्ट्राध्यक्षांकडे. त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी ते मानलं. १७ सप्टेंबर १९७६ ला यान शेडमधून बाहेर आलं तेव्हा मालिकेतले नट समोर उभे होते. गंमत अशी, की हे यान कधी अवकाशात गेलंच नाही. विमानाच्या पाठीवरून उंच नेऊन, सोडून, ते नीट उतरतं की नाही एवढ्याच चाचण्या त्याच्यावर झाल्या. आता ते न्यूयॉर्कला संग्रहालयात आहे.

पण निशेल निकोल्सचं काम पुढे गेलं. नासाकडे अंतराळवीर होण्यासाठी बाया आणि काळे लोक अर्जच करत नव्हते. आपल्याला कोण घेणार, असं वाटून. १९७७ मध्ये नासाने निशेलबाईंना हे काम दिलं, की तुम्ही हिंडा आणि लोकांना अर्ज करायला सांगा. पडद्यावरची खोटी अधिकारी खऱ्या अधिकाऱ्यांच्या भरतीला निघाली. १९७८ मध्ये निवडलेल्या ३५ जणांत पहिल्यांदाच सहा बाया होत्या. त्यातली सॅली राईड १९८३ मध्ये अवकाशात गेली. आणि शिकागोत लहानपणी उहुराला बघून वाढलेली डॉक्टर मे जेमिसन सप्टेंबर १९९२ मध्ये अवकाशात गेलेली पहिली कृष्णवर्णीय बाई ठरली. उहुराचं एक वाक्य म्हणूनच ती यानावरची पाळी सुरू करायची. पुढच्या वर्षी ‘स्टार ट्रेक’च्या नव्या मालिकेत एका भागात तिने छोटं काम केलं. खरी अंतराळवीर खोट्या यानावर. आमच्यासारख्या नाद असणाऱ्यांना असल्या गोष्टींनी दोन दिवस पुरतात.

आता एक कडू गोष्टही सांगते. ज्या मालिकेसाठी बायांनी एवढं केलं, तिच्या त्या ३ जूनच्या शेवटच्या भागाची गोष्टच अशी, की आकाशयानाच्या कप्तानांच्या जगात बाईला जागा नाही, म्हणून एक बाई कडवट होऊन कप्तानाचं शरीरच बळकावते. तेविसावं शतक, तारे, दुसरे ग्रह, सगळं सुचलं, पण बाई कप्तान सुचली नाही. मुळात अगदी पहिल्या नमुना भागात यानावरची दोन नंबरची अधिकारी बाईच होती. दुसऱ्या नमुन्यात ती गाळली. बाई कप्तान मुख्य पात्र म्हणून यायला १९९५ साल उजाडलं, ‘व्हॉयेजर’ नावाच्या पुढच्या मालिकेत.

आणि बीजोचं? पुढे बोललं गेलं, की पत्रांच्या मोहिमेमागे रॉडनबेरीच होता. त्याला मोहीम माहीत होती आणि त्याने पडद्याआडून मदत केली, हे खरं आहे. नवरा जॉन सोबत होता, हेही खरं. पण हे बोलण्याची एक रीत असते, आणि ती आपल्या ओळखीची आहे. महिला सरपंचाने रस्ता करून घेतला की पहिला प्रश्न येतो, मागे कोण आहे? याद्या कुणी जुळवल्या, शाईने हात कुणाचे काळे झाले, पाकिटांवर पत्ते कुणी लिहिले, हे विचारलं की उत्तर बदलतं. बीजोच्या बाबतीत ते विचारता येतं, कारण कागद उरले. त्या बायांनी एकमेकींची पत्रं ठेवली, मासिकांचे अंक ठेवले, कुणी कधी काय केलं ते त्याच अंकांत छापून ठेवलं. आज आयोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात असली सायक्लोस्टाईल मासिकं खोकेच्या खोके भरून जपलेली आहेत. संशोधक येतात आणि हातमोजे घालून वाचतात की साधे हात धुऊन, ते मला माहीत नाही, पण वाचतात.

हे सगळं एसटीत डोक्यात फिरत होतं. दुसऱ्या दिवशी मी त्या गटाच्या सर्वात जुन्या सदस्य काकूंकडे गेले आणि गटाचं पहिलं रजिस्टर मागितलं. “रद्दीत घालायचं राहिलं बघ,” म्हणत त्यांनी माळ्यावरून पिशवी काढली. कोपरे उंदरांनी खाल्लेले, पण आतलं शाबूत. पहिली काही पानं बचतीची, मग कर्जवाटप, मग एका बैठकीचं इतिवृत्त. विषय क्रमांक चार : काकूंच्या घरचा टीव्ही बिघडला असून मालिका बुडत असल्याने दुरुस्तीसाठी प्रत्येकीने दहा रुपये द्यावेत. ठराव सर्वानुमते मंजूर. खाली अकरा सह्या, तीन अंगठे. एकीच्या नावापुढे लिहिलंय, गैरहजर, पैसे पाठवले.

काकूंनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. म्हणाल्या, “तेव्हा त्या दुकानदाराने दीडशे सांगितले होते. आम्ही एकशेवीसवर आणला.” उरलेल्या तीस रुपयांचं काय झालं ते पुढच्या पानावर आहे. चहापावडर आणि साखर.

पुढच्या बैठकीला साहेब परत येणार आहेत. रजिस्टर मी सोबत नेणार आहे.